चव आणि नशा : स्ट्राँग बिअरच्या निमित्ताने

(वैराग येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला त्या दिवशी रात्री अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. म्हणाली, "बाळू, सत्तरी ओलांडलीस. आयुष्यभर पोरांना तत्त्वज्ञान शिकवलंस. आता वैरागात येऊन दारूवर बोलणार? आबांचं विसरलास का?" अक्का आज पहिल्या रांगेत बसली आहे. त्यामुळे जे बोलायचं ते जपूनच बोलावं लागणार. (हशा)

आबांचं मी विसरलेलो नाही. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते. भजनात पखवाज वाजवायचे, गोड माणूस. हातभट्टीनं त्यांना खाल्लं. पोटात पाणी झालं, पन्नाशी गाठली नाही. चार एकर रान गेलं ते परत आलं नाही. आमच्या आईनं आम्हा भावंडांकडून देवघरासमोर शब्द घेतला होता. तो मी एकसष्ट वर्षांचा होईपर्यंत पाळला, आणि मग मोडला. का मोडला आणि त्यातून काय शिकलो, हेच आज सांगायचं आहे.

एक वही आणि सहा माणसं

निवृत्तीनंतर मी पुण्यात राहायला गेलो. माझा एक जुना विद्यार्थी, आता संगणकात आहे, एकदा म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात रस, आस्वाद, सहृदय असं पुष्कळ सांगायचात. एकदा आमच्याकडे या, आम्ही चवीचा आस्वाद घेतो." गेलो. बघतो तर सहा माणसं, टेबलावर पाच-पाच छोटे ग्लास, आणि प्रत्येकापुढे वही! परीक्षेच्या हॉलसारखी शांतता. मला ते दृश्य फार ओळखीचं वाटलं. (हशा)

पुण्यात ताजी, लहान प्रमाणात बनवलेली बिअर मिळू लागली त्याला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला. २००९ साली 'दुलाली' नावाची मायक्रोब्रुअरी पुण्यात सुरू झाली, देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. हे नाव आपल्या देवळालीचं आहे बरं का. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत इंग्रज सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहायचे. उन्हानं, तापानं, कंटाळ्यानं त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'दुलाली' म्हणू लागले. पुढे मुंढव्याला 'इंडिपेंडन्स', तिकडे डोंबिवलीला 'गेटवे', अशा बऱ्याच निघाल्या. आमचं मंडळ महिन्यातून एकदा अशाच कुठल्या तरी ठिकाणी बसतं. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो आणि घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा आमचं सगळं परवान्यानिशी, आणि गाडी कुणी चालवत नाही. रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं.

'स्ट्राँग' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे बिअरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो : "माइल्ड का स्ट्राँग?" नियमानुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर माइल्ड, ५ च्या वर ८ पर्यंत स्ट्राँग. आणि आपल्या देशात जास्त खपते ती स्ट्राँगच. कारण उघड आहे. गिऱ्हाईक रुपयाला किती चढते ते बघतं.

आता एक साधा हिशेब करू. ६५० मिलिची मोठी बाटली, ८ टक्के. म्हणजे ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीचा ६० मिलिचा मोठा पेग घ्या, साधारण ४३ टक्क्यांचा. त्यात निघतं जवळपास २० ग्रॅम. म्हणजे स्ट्राँग बिअरची एक बाटली ही दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची झाली. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो," असं म्हणणाऱ्या पोरांनी हे गणित घरी जाऊन पुन्हा मांडावं.

आता याच शब्दाचा दुसरा अर्थ बघा. बेल्जियममध्ये वेस्टमाल नावाचा ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. तिथली 'ट्रिपल' बिअर साडेनऊ टक्क्यांची असते. जर्मनीत साधू लोक उपासाच्या दिवसांत दाट, माल्टची बिअर प्यायचे, तिला पातळ भाकरीच म्हणायचे. लंडनमध्ये अठराव्या शतकात रशियाच्या दरबारासाठी काळी कडक स्टाउट बनायची. या सगळ्या बिअर ताकदीनं जोरकसच. पण ती ताकद येते जास्त धान्य घालून. धान्य जास्त, म्हणून साखर जास्त, म्हणून यीस्टला काम जास्त, म्हणून अल्कोहोल जास्त. त्यासोबत दाटपणा येतो, भाजक्या धान्याचा वास येतो. मग तो गोडवा तोलायला हॉप्सचा कडूपणा लागतो. अल्कोहोल वाढलं की यीस्टही दमतं. घाई केली, गरम जागी आंबवलं, तर घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. म्हणून ती थंड जागी आठवडे, कधी महिने मुरवावी लागते. लेकीनं परदेशातून ट्रिपलची एक बाटली आणली होती, ती आम्ही सहा जणांनी वाटून घेतली. साडेनऊ टक्के कुठे लपलेत ते कळेना. ताकद लपवणं ही तिथली कारागिरी.

स्वस्त स्ट्राँग बिअरमध्ये याच्या उलट होतं. जवाच्या माल्टबरोबर तांदूळ, मका, साखर घालतात. त्यानं अल्कोहोल वाढतं, पण अंग येत नाही. मग ती बर्फासारखी थंड प्यायची, कारण थंडीत जिभेला काही कळत नाही. चांगली कडक बिअर मात्र १०-१२ अंशांवर, जरा कोमट म्हणावी अशी, घेतात. लपवण्यासारखं काही नसलं की थंड करायची गरज पडत नाही.

तुलना कशी करतात

आमच्या मंडळाचे नियम सांगतो. एका वेळी चार नमुने, प्रत्येकी ६० मिलि. ७ टक्क्यांच्या हिशेबानं चारही मिळून १३ ग्रॅम अल्कोहोल होतं. एका स्ट्राँग बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. हलक्यापासून कडकाकडे जायचं. कडक आधी घेतली तर नंतरची सगळी पाणी लागते. मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव. आधी वास, मग घोट. जिभेला जे चव म्हणून कळतं त्यातलं बरंचसं खरं म्हणजे नाकाला कळलेलं असतं. सर्दी झाल्यावर आमटी कशी लागते ते आठवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : आधी लिहायचं, मग बोलायचं. हा नियम नव्हता तेव्हा असं व्हायचं, की मंडळातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस म्हणायचा, "व्वा, काय संत्र्याचा वास आहे!" की लगेच पाचही जणांना संत्री दिसायची. आणि तो मोठ्या आवाजाचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. चाळीस वर्षांची सवय! (हशा)

कधी तीन ग्लास ठेवतो. दोनांत तीच बिअर, एकात वेगळी. वेगळा कुठला ते ओळखायचं. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी तीनदा चुकलो. आयुष्यभर 'सूक्ष्म भेद' शिकवलेला माणूस मी.

लोण्याची गोष्ट

आता जरा माझ्या विषयाकडे येतो. डेव्हिड ह्यूम नावाचा स्कॉटिश तत्त्ववेत्ता. त्यानं १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांको पान्साच्या घराण्यातल्या दोघांना वाइनच्या पिंपाची चव घ्यायला बोलावलं. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंड लागतं. लोक त्यांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी सापडली एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूमचं म्हणणं असं, की चव माणसाच्या मनातली खरी, पण तिला बाहेर काहीतरी आधार असतो. कुणाची जीभ तो पकडते, कुणाची पकडत नाही.

कांट याच्या विरुद्ध. माझा प्रबंध कांटवरच होता. १७९० च्या ग्रंथात तो म्हणतो, की सौंदर्याबद्दल आपण दुसऱ्याकडून सहमतीची अपेक्षा करतो, पण खाण्यापिण्याच्या सुखाबद्दल तसं नाही. तिथं ज्याची त्याची आवड. त्यानं उदाहरणही वाइनचंच दिलं आहे. मी हे तीस-पस्तीस वर्षं शिकवलं आणि मला ते पटलेलंही होतं.

मग एक प्रसंग घडला. एका ठिकाणची एक कडक सोनेरी बिअर मला फार आवडायची. त्या जागेचं नाव सांगत नाही. मी तिला वहीत दरवेळी दहापैकी आठ गुण द्यायचो. आमच्यातल्या दातांच्या डॉक्टर बाई मात्र दरवेळी लिहायच्या, "शिळ्या लोण्याचा वास." मी म्हणायचो, "बाई, ही तुमची आवड झाली." कांटचा दाखला द्यायचो. सहा महिने हा वाद चालला.

एक दिवस तिथला बनवणारा पोरगा शेजारी येऊन बसला. बाईंनी सरळ विचारलं. तो जरा ओशाळला. म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे. मागणी जास्त आहे, त्यामुळे टाकीत पुरेसे दिवस ठेवता येत नाही." मग त्यानं समजावलं. यीस्ट काम करताना डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार होतो. त्याचा वास लोण्यासारखा. आणखी काही दिवस ठेवलं तर यीस्ट तो परत खाऊन टाकतं. घाई केली तर तो राहतो. आणि काही माणसांच्या नाकाला तो जवळपास कळतच नाही.

त्या काही माणसांतला मी एक होतो. म्हणजे किल्ली पिंपात होतीच, आणि मी सहा महिने बाईंना सांगत होतो की तो तुमच्या मनाचा खेळ आहे.

त्या रात्री मी वही काढून जुनी पानं वाचली. मला कळलं, की चवीबद्दल वाद घालता येतो. दुसऱ्याच्या जिभेकडून शिकता येतं, आपण चुकलो असं म्हणता येतं. नशेबद्दल असं काहीच करता येत नाही. दहा जणांना चढली तर शेवटी दहाही जण तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात. भरतानं नाट्यशास्त्रात रसाची कल्पना सांगताना जेवणाचाच दृष्टांत दिला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न खाताना सुमनस माणसं, म्हणजे मन ठिकाणावर असलेली माणसं, त्याची चव घेतात, तसा प्रेक्षक रस घेतो. मन ठिकाणावर हवं, ही अट तिथंच आली. मन ठिकाणावर नसलं की चव संपली.

आपली ज्वारी

हे सगळं परक्या देशाचं वाटत असेल तर सांगतो, आपण वैरागकर या कामात मुळीच अडाणी नाही. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला बसतो तेव्हा काय करतो? ही गूळभेंडी, ती सुरती, हे कणीस जरा निबर झालंय, यात दूध भरलंय, आगटीत जास्त भाजलं. सोबत शेंगदाण्याची चटणी. एकेक कणीस हातावर चोळून, फुंकून, चाखून भांडण चालतं. ती चव-मंडळीच आहे.

आणि बिअर म्हणजे तरी काय? धान्याला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, कोमट पाण्यात ठेवायचे. मोडातली पाचकद्रव्यं पिठाची साखर करतात. मग ते पाणी हॉप्स घालून उकळायचं आणि आंबवायचं. मोड आणणं आपल्या बायकांना माहीत आहे, आंबवणं माहीत आहे. ज्वारीची आंबील आपण उन्हाळ्यात पितोच.

आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या बनते. १९८८ साली नायजेरियानं बाहेरचं जव आणि माल्ट आणायला बंदी केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीवर यावं लागलं. ते सोपं नव्हतं. जवाचं पीठ ६०-६५ अंशांना फुगतं, ज्वारीला ७० च्या वर लागतं, आणि तितक्या उष्णतेला साखर करणारी काही पाचकद्रव्यं मरतात. शिवाय जवाला टरफल असतं, त्याचा गाळणीसारखा थर बसतो. ज्वारीला ते नसतं, म्हणून रस गाळायला वेळ लागतो. ज्वारीला उष्णता जास्त लागते, हे अक्काला कुणी शिकवलं नाही. पण पिठाला विरी नसली की ती भाकरीला आधणाचं पाणी घालते, ते याच कारणानं.

पुण्यात एकदा थोडी ज्वारी घातलेली बिअर चाखली. बाकीच्यांनी वहीत लिहिलं, "किंचित आंबट, धान्याचा वास." मी लिहिलं, "आंबील, चैत्र, आईचं गाडगं." त्यांना ते कळलं नाही, मला समजावता आलं नाही. मोहोळच्या केंद्रातून आलेली आपली मालदांडी, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी, यांची चव ज्या जिभेला माहीत आहे तिनं वेगळं काही टिपलं, इतकंच.

वहीचं शेवटचं पान

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे.

आमच्यात एक जण होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची वही सगळ्यांत चांगली. मी त्यांच्या नोंदी मोठ्यानं वाचून दाखवायचो. एकदा त्यांच्या पत्नीचा फोन आला. "सर, हे रोज संध्याकाळी 'सराव' करतात. तुम्ही सांगितलंय म्हणतात. पहिल्या ग्लासाला वही असते, चौथ्याला नसते."

मला आबा आठवले. त्यांच्या पखवाजाचं कौतुक करणारेही पुष्कळ होते. ते नंतर कुठे जातात हे कुणी विचारलं नाही. इथं मी तेच केलं. त्यांच्या शब्दांना दाद दिली, माणसाकडे बघितलं नाही.

ते उपचाराला गेले. आता अजिबात घेत नाहीत, मंडळात येत नाहीत, आणि आम्हीही बोलावत नाही. मी महिन्यातून दोनदा सकाळी त्यांच्याकडे चहाला जातो. एकदा त्यांनीच तीन प्रकारचा चहा मांडला आणि वही पुढे केली. जीभ तीच, वहीही तीच. मला तिथं कळलं, की आस्वाद घ्यायला अल्कोहोल लागतच नाही.

म्हणून कुणी "मी चवीसाठी घेतो" म्हणालं, की मी आता आधी स्वतःला आणि मग त्याला एक प्रश्न विचारतो. अर्धा ग्लास टेबलावर ठेवून उठता येतं का? येत असेल तर चवीबद्दल बोलू. येत नसेल तर डॉक्टरबद्दल बोलू. नमस्कार.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, म्हणजे बेतानं घेतली तर चांगली, असंच तुम्ही पोरांना सांगताय ना?*

नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं आरोग्याला सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते १९८८ पासून आहे. माझे १३ ग्रॅमही त्यात आले. ते मी माझ्या जबाबदारीवर घेतो, औषध म्हणून नाही. जो घेत नाही त्यानं माझं ऐकून सुरू करू नये. आणि ज्याच्या घरात आबा आहेत त्यानं लाज न बाळगता मदत मागावी. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. आमच्या आबांच्या वेळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

*प्रश्न : ज्वारीची बिअर निघाली तर ज्वारीला भाव येईल का?*

बिअरला धान्य लागतं, पण कंपनी बघते स्वस्त धान्य. आपली मालदांडी भाकरीची आहे, तिची किंमत चवीत आहे. मला विचाराल तर, ज्या काळजीनं आम्ही सहा म्हातारे-तरणे पुण्यात बिअरची वही लिहितो, त्या काळजीनं कुणीतरी वैरागात हुरड्याची वही लिहावी. कुठल्या रानातला, कुठल्या वाणाचा, किती दिवसांचा, कसा लागला. त्याला परवाना लागत नाही, आणि अक्काही रागावणार नाही. (हशा, टाळ्या)